साडेचार डॉलर

७ एप्रिल १८४४, रविवार. न्यूयॉर्कच्या ग्रीनविच स्ट्रीटवरच्या एका बोर्डिंग हाउसमध्ये पोटभर नाश्ता करून एक पस्तिशीचा माणूस सासूला पत्र लिहायला बसला. आदल्याच दिवशी तो आणि त्याची बायको फिलाडेल्फियाहून आले होते. धक्क्यावर पोचले तेव्हा पाऊस कोसळत होता. म्हणून बायकोला बोटीवरच बसवून त्याने आधी छत्री घेतली, मग खोली शोधली. एवढं सांगून तो जेवणावर येतो आणि मग थांबतच नाही. रात्री कडक, गरम चहा, गव्हाचा पाव, रायचा पाव, चीज, केकच्या तीन थाळ्या, हॅमच्या दोन आणि थंड मांसाचे मोठमोठे काप, अगदी डोंगरासारखे रचलेले. सकाळी पुन्हा अंडी, हॅम, लोणी-पाव, कॉफी. कॉफीत साय जरा कमीच होती, हेही कळवतो. घरच्या मांजरीने हे ताट पाहिलं असतं तर तिला भोवळ आली असती म्हणतो. इथे उपासमारीची भीती नाही, असंही एक वाक्य मध्येच येऊन जातं.

मग घरगुती बातम्या. हिला काल रात्री खोकला जवळजवळ आलाच नाही, घामही सुटला नाही. खिळ्याला अडकून माझी विजार फाटली, ती आता हिने शिवायला घेतली आहे. मी रेशमाची एक लड, दोऱ्याची एक लड, दोन बटणं, सपाता आणि शेगडीसाठी पत्र्याचं एक भांडं आणलं. आपल्याजवळ साडेचार डॉलर उरलेत. उद्या तीन उसने मिळतात का बघतो, म्हणजे पंधरा दिवस निभतील. आणि हो, मी दारूचा एक थेंबही घेतलेला नाही.

हे पत्र एडगर अॅलन पोचं आहे. 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' आणि 'द टेल-टेल हार्ट' तोवर छापून झाल्या होत्या. 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' लिहून त्याने गुप्तहेरकथा नावाचा प्रकारही सुरू करून ठेवला होता. आणि अंडी, हॅम असा बेत ताटात पडल्यावर त्याला झालेला आनंद बघा! कितीतरी दिवसांनी पोट भरलेल्या माणसाचा आनंद आहे तो. त्याच्या कथांत कुठेही इतका मोकळा स्वर मला सापडलेला नाही.

पो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जो चेहरा येतो, तो ओढलेला, एक भुवई वर गेलेली, डोळ्यांखाली काळं, तो फोटो नोव्हेंबर १८४८ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात काढलेला आहे. त्याआधी काहीच दिवस त्याने अफूचा अर्क घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात काढलेला फोटो जगाने त्याचा कायमचा चेहरा म्हणून ठेवून घेतला. माझी तक्रार त्या चेहऱ्याबद्दलच आहे. वेडा, दारुडा, शापित प्रतिभावंत अशी जी गॉथिक, जुन्या वाड्यांतल्या भयकथांत शोभणारी मूर्ती उभी केली गेली, तिच्याआड एक पगारी संपादक आणि पानांच्या हिशोबाने लिहिणारा कामकरी माणूस झाकला गेला.

लहानपण थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्या चरित्रांत असतंच. जन्म १९ जानेवारी १८०९, बॉस्टन. आईबाप दोघेही फिरत्या नाटक कंपन्यांतले. बाप घर सोडून निघून गेला. आई डिसेंबर १८११ मध्ये रिचमंडमध्ये क्षयाने गेली, तेव्हा ती २४ वर्षांची होती. तीन मुलं तीन घरी गेली. एडगरला जॉन अॅलन या तंबाखूच्या व्यापाऱ्याने ठेवून घेतलं. 'ठेवून घेतलं' असंच म्हणायला हवं, कारण कायदेशीर दत्तक त्याने कधीच घेतलं नाही. नाव दिलं, इंग्लंडच्या शाळेत घातलं, चांगले कपडे दिले. १८२५ मध्ये अॅलनला त्याच्या मामाची अफाट संपत्ती मिळाली आणि रिचमंडमध्ये टोलेजंग घर घेऊन तो तिथे राहायला गेला. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. आपण श्रीमंताचे वारस आहोत असं त्याला वाटलं असेल, तर त्यात त्याची काय चूक?

पुढच्याच वर्षी तो व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. अॅलनने पुरेसे पैसे दिले नाहीत असं पोचं म्हणणं. खर्च भागवायला तो जुगार खेळला आणि सुमारे २,००० डॉलरचं कर्ज करून बसला. अॅलनने ते फेडायला नकार दिला. १८२७ मध्ये भांडून घर सोडलं, वय चार वर्षांनी वाढवून सांगितलं आणि 'एडगर ए. पेरी' या खोट्या नावाने सैन्यात भरती झाला. त्याच वर्षी पहिला कवितासंग्रह आला, 'टॅमरलेन'. चाळीस पानांचं पुस्तक. लेखकाच्या नावाच्या जागी नुसतं 'बॉस्टनचा एक रहिवासी'. कोणी दखलही घेतली नाही. त्यातली एक प्रत २००९ मध्ये लिलावात ६,६२,५०० डॉलरला गेली. १८३४ मध्ये अॅलन वारला. मृत्युपत्रात पोसाठी एक पैसाही नव्हता.

या मृत्युपत्रापाशी मी नेहमी थांबतो. पोच्या कथा पुन्हा एकदा ओळीने वाचून बघा, त्यातली माणसं पोट भरायला काय करतात? काहीच नाही. रॉडरिक अशरकडे पूर्वजांचा वाडा आहे. 'लिजिया'चा निवेदक वारशाच्या पैशावर इंग्लंडमधला एक जुना मठ विकत घेतो. 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो'मधल्या माँट्रेसॉरच्या घराखाली मैलभर पसरलेली तळघरं आहेत आणि त्यात दारूची पिंपं. 'रू मॉर्ग'मधला गुप्तहेर ड्यूपॅंदेखील, घराणं धुळीला मिळालेलं असूनही, सावकारांच्या कृपेने उरलेल्या वडिलार्जित तुकड्यावर जगतो आणि पुस्तकं वाचतो. भाडं निवेदक भरतो! लग्रँडचं घराणं बुडालेलं, म्हणून त्याला 'द गोल्ड-बग'मध्ये चक्क पुरलेला खजिना सापडतो. भाड्याच्या खोलीत राहून साडेचार डॉलर मोजणाऱ्या या लेखकाच्या जगात कोणाला महिन्याच्या भाड्याची चिंता नसते. बहुतेकांना घर किंवा पैसा वारशाने मिळालेला असतो. मात्र ज्याला घर मिळतं, त्याला ते गिळतं. अशरचा वाडा मालकासकट तळ्यात जातो.

गॉथिक साहित्याचे जाणकार जुन्या वाड्यांच्या उगमासाठी युरोपातल्या कादंबऱ्यांकडे बोट दाखवतात आणि ते बरोबरच आहे. पोवर त्याच्या हयातीतच 'जर्मन वळणाचा लेखक' असा आरोप झाला होता. १८४० च्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने उत्तर दिलं की दहशत जर्मनीची नसते, मनाची असते. मला तर रिचमंडचं ते न मिळालेलं घरच त्याच्या सगळ्या वाड्यांच्या पायात पुरलेलं दिसतं. सिद्ध करता येणार नाही. पण असं वाचलं की त्याच्या कथा मला जास्त कळतात.

त्या संग्रहाचं मानधन काय मिळालं? प्रकाशकाने ७५० प्रती काढल्या, नफा स्वतःकडे ठेवला आणि लेखकाला मित्रांत वाटायला वीस प्रती दिल्या. दिवाळी अंकांत लिहिणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना हे वाचून फार धक्का बसणार नाही. मीही 'मानधन लवकरच पाठवतो' या वाक्यावर बरीच वर्षं काढली आहेत आणि काही अंकांच्या बाबतीत ते 'लवकर' अजून उजाडायचं आहे. पण मला दुसरा उद्योग होता. पोला नव्हता. निव्वळ लेखणीवर घर चालवायचं, असं ठरवणाऱ्या पहिल्या काही अमेरिकी लेखकांत तो होता, आणि त्याने त्यासाठी निवडलेला काळ इतका वाईट होता की बोलायची सोय नाही.

कारण साधं होतं. परदेशी लेखकाच्या हक्कांना अमेरिकेत कायद्याचं संरक्षणच नव्हतं, ते थेट १८९१ मध्ये आलं. डिकन्सची नवी कादंबरी बोटीवरून उतरली की न्यूयॉर्क-फिलाडेल्फियातले छापखाने ती फुकटात छापून स्वस्तात विकायचे. मग घरच्या लेखकाला पैसे कोण देणार? डिकन्स १८४२ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा या चोरीबद्दल जाहीर बोलला आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं. त्याच दौऱ्यात पो त्याला फिलाडेल्फियात भेटला. माझ्या कथांना इंग्लंडमध्ये प्रकाशक मिळवून द्याल का, असं विचारलं. डिकन्सने खटपट केली, पण नोव्हेंबरमध्ये जमलं नाही म्हणून कळवलं. दोन मोठ्या लेखकांची भेट म्हणून लोक याकडे पाहतात. मला त्यात एकाच कायद्याने नागवलेली दोन माणसं दिसतात, फरक इतकाच की एकाला ते परवडत होतं.

उरली मासिकं. रिचमंडचं 'सदर्न लिटररी मेसेंजर', फिलाडेल्फियातलं 'बर्टन्स', मग 'ग्रॅहम्स'. संपादन, प्रुफं, परीक्षणं, जागा भरायला टिपणं, आणि उरलेल्या वेळात कथा. 'ग्रॅहम्स'मध्ये त्याला वर्षाला ८०० डॉलर होते. मासिकाचा खप भराभर वाढला, पगार होता तिथेच राहिला. वर्षभराने त्याने नोकरी सोडली. फालतू चित्रं, फॅशनचे नमुने, गाणी आणि प्रेमकथा यांचा वीट आला, शिवाय पगार कष्टाच्या मानाने पुरत नव्हता, असं त्याने मित्राला लिहिलं. त्याच्या खुर्चीवर जो आला त्याचं नाव रुफस ग्रिसवोल्ड. हे नाव लक्षात ठेवा.

या नोकऱ्यांनी त्याचं रक्त आटवलं, आणि त्याच्या कलेला आकारही त्यांनीच दिला. कथा एका बैठकीत वाचून व्हावी, पहिल्या वाक्यापासून एकच परिणाम साधावा, त्याला उपकारक नसलेला एकही शब्द नसावा, हे तत्त्व त्याने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांच्या परीक्षणात मांडलं. आज आपण लघुकथेचा हा नियम वर्गात शिकवतो. पण तो मांडणारा माणूस रोज मासिकाची पानं मोजत होता. लांबण लावणाऱ्या लेखकाचं पान किती जागा खातं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

आणि त्याचं सगळ्यात जास्त खपलेलं पुस्तक कोणतं, तर शंखशिंपल्यांचं! 'द काँकॉलॉजिस्ट्स फर्स्ट बुक', १८३९. एका लेखकाचं महागडं पुस्तक होतं, त्याची शाळांसाठी स्वस्त आवृत्ती काढायची होती. पण मूळ प्रकाशक तयार नव्हता. म्हणून ५० डॉलर देऊन पोचं नाव मुखपृष्ठावर घातलं गेलं. थोडी मांडणी आणि प्रस्तावना पोची. बराचसा मजकूर इकडचा तिकडचा. पोच्या हयातीत दुसरी आवृत्ती निघालेलं त्याचं हे एकमेव पुस्तक. हाच गृहस्थ पुढे कवी लाँगफेलोवर वाङ्मयचौर्याचे आरोप करत सुटला होता.

कारण पो साधाभोळा बिचारा मुळीच नव्हता. तो खोटं बोलायचा: वयाबद्दल, प्रवासांबद्दल, आपल्या घराण्याबद्दल. परीक्षणं अशी लिहायचा की समोरच्याची सालटी निघावीत, आणि ज्यांची निघाली त्यांच्याकडेच सहा महिन्यांनी काम मागायची पाळी यायची. दारू त्याला सोसायची नाही. इतर लोक ज्या प्यालाने जेवण सुरू करतात, त्याच प्यालात याचा तोल जायचा. मार्च १८४३ मध्ये वॉशिंग्टनला तो सरकारी नोकरीच्या खटपटीसाठी गेला होता. कस्टम हाउसमध्ये चिकटायचं, म्हणजे पगार सुरू आणि लिहायला मोकळं. राष्ट्राध्यक्ष टायलर यांच्या मुलापर्यंत वशिला लागला होता. आणि तिथे हा प्याला. नंतर मित्रांना लिहिलेल्या माफीच्या पत्रात तो विनवतो की मी झगा उलटा करून घातला होता ते कोणाला सांगू नका. नोकरी गेली ती गेलीच. हे पत्र वाचताना मला हसू येतं आणि लगेच लाजही वाटते.

हे सगळं चालू असताना घरात काय होतं तेही पाहायला हवं. मे १८३६ मध्ये त्याने आपल्या सख्ख्या आत्याच्या मुलीशी, व्हर्जिनियाशी लग्न केलं. तो २७ वर्षांचा, ती १३ वर्षांची, आणि कागदावर तिचं वय २१ लिहिलेलं. आजच्या वाचकाला हे खटकतं, खटकायलाच हवं. मात्र त्या तिघांचं घर हे त्याच्या आयुष्यातलं एकमेव टिकलेलं घर होतं. आत्या मरायाबाई, म्हणजे मराया क्लेम, आता सासूही झाली. तो तिला 'मडी' म्हणायचा. ती शिवणकाम करायची, खोल्या भाड्याने द्यायची, आणि पो आजारी असला की त्याची हस्तलिखितं घेऊन संपादकांचे उंबरठे झिजवायची. संपादक विलिस याने लिहून ठेवलंय की कडाक्याच्या थंडीत, पुरेसे कपडे अंगावर नसताना ही बाई एखादी कविता किंवा लेख घेऊन यायची, तो आजारी आहे एवढंच सांगायची, आणि त्याच्याविरुद्ध एक शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही.

जानेवारी १८४२ मध्ये व्हर्जिनिया गात असताना तिच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. मग पाच वर्षं ती बरी व्हायची, पुन्हा रक्त पडायचं, पुन्हा बरी व्हायची. ती गेल्यावर वर्षभराने पोने एका वाचकाला पत्र लिहिलं: प्रत्येक वेळी मी तिचा कायमचा निरोप घेत होतो; मी वेडा झालो, आणि मधले मधले शहाणपणाचे लांब काळ भयंकर होते; त्या वेडात मी प्यालो, माझे शत्रू मात्र वेडाचं कारण दारू आहे असं सांगत राहिले. यात स्वतःची वकिली आहेच. पण आजाऱ्याच्या उशाशी वर्षानुवर्षं बसलेल्या कोणालाही 'शहाणपण भयंकर' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही.

२९ जानेवारी १८४५ ला 'द रेव्हन' ही कावळ्यावरची कविता छापून आली आणि पो एका रात्रीत प्रसिद्ध झाला. रस्त्यातली पोरं त्याला बघून कावळ्यासारखे पंख हलवायची, मैफलीत दिवे मंद करून त्याला ती कविता म्हणायला लावायचे. कविता वर्तमानपत्रांनी फुकटात पुन्हापुन्हा छापली. खिशात काय आलं? थोडेसे डॉलर. पुढच्याच महिन्यात त्याने मासिकांच्या तुरुंगाबद्दल एक कडवट लेख लिहिला: संपादक पैसे द्यायला इतका उशीर करतो की तोवर लेखक उपाशी मरतो, आणि उरलेल्या पैशांत संपादक चांगलंचुंगलं खातो. त्याच वर्षी 'ब्रॉडवे जर्नल' उसनवारीवर विकत घेऊन तो अखेर एका साप्ताहिकाचा मालक झाला. जानेवारी १८४६ च्या पहिल्याच आठवड्यात ते बंद पडलं.

मग फोर्डमचं छोटं घर, न्यूयॉर्कच्या बाहेर. डिसेंबर १८४६ मध्ये वर्तमानपत्रांनी जाहीर मदतीचं आवाहन केलं: पो आणि त्याची बायको आजारी आहेत, खायला नाही. पोने छापील उत्तर दिलं. आजारी आहे खरं, पैसे नाहीत हेही खरं, पण माझी सहनशक्ती संपेल इतके हाल झाले हे काही खरं नाही. मला पुष्कळ काम आहे आणि ते होईपर्यंत मरायचं नाही असं मी ठरवलंय. भेटायला आलेल्या एका लेखिकेने पाहिलं ते असं: गवताची गादी, अंगावर पोचा लांब कोट, छातीवर ऊब द्यायला मांजर. न्यूयॉर्कच्या पत्रातली तीच ती भोवळ येणारी मांजर. ३० जानेवारी १८४७ ला व्हर्जिनिया गेली. वय २४, पोच्या आईइतकंच.

त्याच्या मृत्यूवर ढीगभर लिहिलं गेलंय. ३ ऑक्टोबर १८४९ ला, निवडणुकीच्या दिवशी, तो बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात, जिथे मतदानही चालू होतं, भलतेच कपडे अंगावर असलेल्या अवस्थेत सापडला. चार दिवसांनी रुग्णालयात वारला. चाळीस वर्षांचा होता. कारण कोणाला ठाऊक नाही आणि हे कोडं सोडवण्यात मला रस नाही. पुढच्या दोन दिवसांत जे झालं ते मला जास्त भयंकर वाटतं.

९ ऑक्टोबरला 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये 'लुडविग' या सहीचा मृत्युलेख आला. पो वारला, पुष्कळांना धक्का बसेल, दुःख फार थोड्यांना होईल, असा त्याचा सूर. लुडविग म्हणजे तोच रुफस ग्रिसवोल्ड. पोने त्याच्या काव्यसंग्रहावर टीका केली होती, ते तो विसरला नव्हता. आणि पोच्या समग्र साहित्याचं संपादन गेलं याच माणसाकडे. मडीने हक्क लिहून दिले. तिला पैसे मिळाले नाहीत, विकायला पुस्तकांचे संच मिळाले. त्या आवृत्तीसोबतच्या चरित्रात ग्रिसवोल्डने पोला माणसांचा द्वेष करणारा, कृतघ्न, नीतिभ्रष्ट असा रंगवला आणि पुराव्यादाखल पोची पत्रं छापली. त्यांतल्या काही पत्रांत त्याने स्वतःच्या स्तुतीची वाक्यं घुसडली होती, काहींत पोच्या मित्रांची निंदा. आर्थर हॉब्सन क्विन या अभ्यासकाने मूळ पत्रं शेजारी ठेवून हे उघडकीला आणलं ते १९४१ मध्ये. म्हणजे नव्वदहून जास्त वर्षं जग पोच्या शत्रूने लिहिलेला पो वाचत होतं. गंमत अशी की त्या राक्षसी चित्रामुळे पुस्तकं खपली. भयकथांचा लेखक स्वतःही भयंकर होता, हे लोकांना फार आवडलं. अजूनही आवडतं.

'ट्रिब्यून'चा संपादक होता होरेस ग्रीली. 'ब्रॉडवे जर्नल' घेताना पोने ज्यांच्याकडे हात पसरला त्यांत हाही होता. ५० डॉलरच्या हुंडीवर जामीन म्हणून याने सही केली होती, पोने ती फेडली नाही, आणि भुर्दंड ग्रीलीला पडला. पुढे पो कीर्तीला पोचल्यावर कुणा उत्साही तरुणाने ग्रीलीला लिहिलं की आपल्या दिवंगत महाकवीची स्वाक्षरी आपल्या संग्रहात असेलच, एखादी पाठवता का? ग्रीलीने उलट टपाली कळवलं, माझ्याकडे बरोबर एकच आहे. त्याची ५० डॉलरची हुंडी, मागे माझी सही. मला ती खर्चासकट ५० डॉलर ७५ सेंटना पडली. तुम्हाला निम्म्या किमतीत देतो.

त्या तरुणाने काही ती घेतली नाही.